ग्रिसम, मुद्देमाल खोली आणि आमचा डीव्हीडी प्लेअर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फॉरेन्सिक मालिकांवर एक लेख आला होता. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की असल्या मालिका पाहून गुन्हेगार शहाणे होतात आणि साधी माणसं पोलिसांकडून भलत्यासलत्या अपेक्षा करू लागतात. पहिली गोष्ट मला पटली नाही. हाताला रुमाल गुंडाळून कडी उचकटणारे घरफोडे आमच्या भागात टीव्ही यायच्या आधीपासून आहेत. दुसरी गोष्ट खरी आहे, अपेक्षा वाढतात. पण वाढल्या तर बिघडलं कुठे, हे काही लेखात सापडलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त लाखेच्या सीलचा भाग ठेवा.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आता अमळनेरला असतो. नोकरीतला बराच काळ मुद्देमाल कारकून होतो. म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली कुऱ्हाड, रक्ताळलेला सदरा, चोरीची सायकल, विषाची अर्धी बाटली, हे सगळं ज्या खोलीत पडून असतं तिची किल्ली माझ्या करगोट्याला. त्यामुळे 'सीएसआय' नावाची अमेरिकन मालिका मी डीव्हीडीवर पाहतो आणि चवीने पाहतो, हे कळल्यावर जुने सहकारी हसतात. "दादा, जन्मभर मढीच पाहिली, आता घरी बसूनही तेच का?" म्हणतात.

मालिका जुनी आहे. ६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि २०१५ च्या सप्टेंबरात संपली. पंधरा सीझन झाले. गाव लास व्हेगास, आणि गोष्ट तिथल्या पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या रात्रपाळीची. आपल्याकडे ती एएक्सएन वाहिनीवर लागायची, पण त्या काळात आमच्याकडे भारनियमन असं काही जोरात होतं, की खून लाईट असताना व्हायचा आणि खुनी सापडायच्या वेळेला लाईट जायची. दुसऱ्या दिवशी ठाण्यात विचारायची सोय नाही. असली इंग्रजी मालिका आमच्यापैकी कोण पाहणार!

माझी भाची न्यू जर्सीला होती. ती कायमची पुण्याला आली तेव्हा सामान कमी करताना या मालिकेचे डबे तिने माझ्याकडे पाठवून दिले. "मामा, तुमच्या धंद्यातलं आहे," अशी चिठ्ठी. मोठ्या हौसेने पहिली डिस्क घातली, तर पडद्यावर पाटी आली की ही तुमच्या विभागात चालणार नाही. डीव्हीडी कंपन्यांनी अख्ख्या जगाचे विभाग पाडून ठेवलेत. अमेरिका पहिल्या विभागात, आपण पाचव्यात, रशियाच्या पंगतीला. शेवटी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये प्लेअर घेऊन गेलो. तिथल्या एका पोराने ट्रे बाहेर काढून रिमोटवर कसलेसे आकडे दाबले आणि प्लेअर सगळ्या विभागांचा करून दिला. कुलूप उघडायला त्याला चहा गार व्हायच्या आत जमलं. आमच्या वेळेला असता तर त्याच्यावर मी नजर ठेवली असती.

आता लोक म्हणतात, डिस्क कशाला, सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं, आणि आज मिळतं ते उद्या नसतं. माझी चकती कपाटात आहे ती कपाटातच राहते, त्यासाठी रेंज लागत नाही. जाहिराती नाहीत. तासाच्या जागेत बसवलेला भाग जाहिराती काढल्या की पाऊण तासाच्या आत संपतो. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे थांबवता येतं. आमच्याकडे ते थांबवणं फार महत्त्वाचं, कारण सौ.ला इंग्रजी येत नाही आणि माझं इंग्रजी खात्यापुरतं. मी चित्र थांबवतो, कळलं तेवढं अहिराणीत सांगतो, मग पुढे नेतो. त्यामुळे आमच्या घरात लास व्हेगासचे संशयित पोलिसांना "माले काहीच माहीत नही" असं सांगतात, आणि त्यांची चौकशी करणारे, मालिकेचे नायक ग्रिसमसाहेब "तू खोटं बोली ऱ्हायना" म्हणतात. मूळ नटांनी हे ऐकलं तर त्यांना काय वाटेल कोण जाणे, पण सौ. भाग संपायच्या आत खुनी ओळखते. पुष्कळदा तिचं एकच निदान असतं, "नवराच शे." आणि पुष्कळदा ते बरोबर निघतं. हे मला नोकरीतही दिसलं होतं.

खोटेपणा किती म्हणाल तर ढीगभर. घटनास्थळी दिवे असतात, पण ही मंडळी अंधारात बॅटऱ्या घेऊन फिरतात. सौ. दर वेळी पडद्याला सांगते, "लाईट लाव ना भो!" बायका केस मोकळे सोडून पुरावा उचलतात. ज्याने डाग उचलला तोच तो तपासतो, तोच संशयिताला दरडावतो आणि वेळ आली तर पिस्तूल काढून धावतोही. आपल्याकडे ठसेवाला वेगळा, फोटोवाला वेगळा, शवविच्छेदन करणारा डॉक्टर वेगळा आणि नमुना तपासणारा दुसऱ्या जिल्ह्यात. चौघांची गाठ पडली तर ती कोर्टाच्या आवारात. मालिकेत नमुना यंत्रात ठेवला, संगीत वाजलं की कागद बाहेर. आपल्या 'सीआयडी'तले डॉक्टर साळुंखे तर नळीतला रंग बदलला की विषाचं नाव सांगून मोकळे. ल्युमिनॉल, म्हणजे रक्ताचे डाग दाखवणारं रसायन, मारलं की खोली निळी चमकते, हे खरं आहे, पण ती चमक अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकते, तिला काळोख लागतो आणि ब्लीचिंगने धुतलेली फरशीही तशीच चमकू शकते. मालिकेतली चमक मात्र नायक बोलून होईपर्यंत थांबते.

हे सगळं ठाऊक असून मी पाहतो, त्याचं कारण त्यातला गिल ग्रिसम. विल्यम पीटरसन नावाच्या नटाने केलेला हा माणूस कीटकांचा अभ्यासक आहे. कार्यालयात झुरळं पाळतो, शर्यतीची. आरडाओरडा नाही, कानाखाली वाजवणं नाही. समोर मढं असलं तरी आधी खाली वाकून मुंग्या कुठून कुठे चालल्यात ते बघणार.

पहिल्या सीझनमधला एक भाग मी पुनःपुन्हा लावतो. डोंगरात एका बाईचं प्रेत सापडतं, ब्लँकेटमध्ये घट्ट गुंडाळलेलं. नवऱ्यावर संशय. ग्रिसम अळ्यांवरून हिशेब मांडतो. मेलेल्या देहावर आधी निळ्या-हिरव्या माश्या येतात, अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या, अळ्यांचे कोष, कोषांतून पुन्हा माश्या. प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो हे तापमानावर ठरतं. अळी किती वाढली हे मोजलं की मरण मागे किती दिवसांचं ते कळतं. पण त्याचा हिशेब निघतो तीन दिवसांचा आणि तो नवऱ्याच्या सोयीचा ठरतो. आता दुसरा कुणी असता तर किड्यांचं शास्त्र गुंडाळून ठेवलं असतं. हा गडी एक मेलेलं डुक्कर आणतो, तसंच ब्लँकेटमध्ये गुंडाळतो आणि रात्री त्याच्याजवळ बसून राहतो. कशासाठी, तर घट्ट गुंडाळलेल्या कापडातून माशीला आत शिरायला किती उशीर होतो ते पाहायला. तो उशीर मिळवला की हिशेब पाच दिवसांवर जातो आणि नवरा अडकतो.

डुकराजवळ बसलेला ग्रिसम पाहून सौ. म्हणाली, "याले घरदार नही का?" पण मी चित्र थांबवून बराच वेळ तसाच होतो. लास व्हेगास वाळवंटातलं, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. आमचं जळगाव-भुसावळ मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतं. म्हणजे माश्यांचं गणित आमच्याकडे तिथल्याइतकंच झपाट्याने चालतं. कपाशीच्या शेतात, नाल्यात, विहिरीच्या कडेला सापडलेली प्रेतं मी पाहिली आहेत. शवविच्छेदनाच्या आधी नळी लावून पहिलं काय धुवून टाकत, तर त्या अळ्या. आमच्या लेखी ती घाण होती. ती आलेल्या माशीची तारीख होती, हे मला निवृत्तीनंतर एका डिस्कने शिकवलं.

आणि हे ज्ञान काही अमेरिकेचं नाही बरं का. चीनमध्ये सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली एक हकिकत लिहून ठेवली आहे. एका माणसाचा खून झाला, घाव विळ्याचे. तपास करणाऱ्याने गावातल्या सगळ्यांना आपापले विळे आणून उन्हात मांडायला सांगितले. सगळे विळे स्वच्छ. पण थोड्या वेळाने एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या. धुतलं तरी रक्ताचा अंश राहिला होता आणि तो माशीला कळला. मालक कबूल झाला. हे सौ.ला सांगितलं तेव्हा तिला मालिकेपेक्षा ते जास्त आवडलं, कारण विळा तिच्या ओळखीचा.

आता लाखेचं. विषबाधेचा संशय असला की डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात. आपल्या बातम्यांत ते वाक्य रोज असतं. पोट, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या दाट द्रावणात बरणीत घालतात. बरणीच्या झाकणावर कापड, कापडावर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख. मेणबत्ती विझते म्हणून पंखा बंद करायचा. वर पत्रे, बाहेर लू, पंखा बंद आणि हातात पेटती मेणबत्ती. लाखेची कांडी ज्योतीच्या कडेला धरायची, मध्ये धरली तर लाख काळी पडते. थेंब गाठीवर पडला की लगेच पितळी शिक्का दाबायचा. त्याआधी शिक्का ओला करायचा, नाहीतर लाख गाठ सोडून शिक्क्यालाच चिकटून वर येते. मग त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर, पंचांच्या सह्यांचं लेबल, पत्र. प्रयोगशाळेत आधी सील जुळवून पाहतात, मगच बरणी उघडतात. सील फुटलेलं निघालं तर आतलं सगळं खरं असूनही कोर्टात वकील त्याचा भुगा करतो. रक्ताचे कपडे असतील तर सावलीत वाळवून कागदातच बांधायचे. ओले कपडे प्लास्टिकमध्ये बांधले की बुरशी येते आणि पुरावा कुजतो. मग ती पेटी मांडीवर घेऊन शिपाई एसटीने निघायचा. कंडक्टरने "पेटीत काय?" विचारलं तर "सरकारी कागद" असं सांगायची पद्धत.

ग्रिसमच्या हाताखालचे लोक पाकिटावर तारीख-वेळ टाकून सही करतात ना, ते एका सेकंदात निघून जातं. तेवढ्या सेकंदासाठी मी मालिका पाहतो म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. माझं काम टीव्हीवर दाखवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आपल्या सिनेमातला पोलीस खुन्याचा सुरा उघड्या हाताने उचलतो, फार तर रुमालाने.

पण मुख्य सुख वेगळंच आहे. त्या मालिकेत रिपोर्ट येतो. आमच्या बोलीत सांगायचं तर सी.ए. रिपोर्ट, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा, रासायनिक तपासणीचा कागद. भाग संपायच्या आत येतो, दर वेळी येतो आणि ज्याचं माणूस गेलं त्याला कुणीतरी समोर बसवून सांगतो की असं असं झालं होतं.

एका ठाण्याला असताना पारोळ्याकडच्या एका खेड्यातला म्हातारा बाजारच्या दिवशी यायचा. लेक सासरी वारलेली, मरणाचं कारण राखून ठेवलेलं. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत माझ्या टेबलासमोर उभा राहायचा आणि एवढंच विचारायचा, "दादा, कागद उना का?" बसायला सांगितलं तर बसायचा नाही. कागद यायला किती वेळ लागतो हे माझ्या हातात नव्हतं, त्याच्याही नव्हतं. तपासणाऱ्याच्याही पूर्ण हातात नसावं, कारण प्रत्येक ठाण्यातून बरण्या जातच असतात आणि तपासणारे हात मोजके. कागद आला तेव्हा म्हाताऱ्याचं बाजाराला येणं बंद झालं होतं. मी पोलीसपाटलाकडे निरोप धाडला. तो पोचला की नाही ते कळलं नाही. लेखकमहाशय ज्याला भलती अपेक्षा म्हणतात, ती त्या म्हाताऱ्याची अपेक्षा आहे. त्याने कुठलीच मालिका पाहिलेली नव्हती.

आता मालिका पाहणाऱ्यांचं सांगतो. आमच्या गल्लीत मागे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एक घर बंद होतं, मंडळी बाहेरगावी गेलेली. परत येऊन पाहतात तो कुलूप तुटलेलं. आमच्याकडे बायका दागिने धान्याच्या कोठीत नाहीतर पिठाच्या डब्यात ठेवतात, हे चोराला बायकांइतकंच ठाऊक असतं. त्याने ज्वारीच्या पिठाचा डबा जमिनीवर उपडा केला होता आणि नेमका त्यावर पाय देऊन गेला होता. गल्ली लोटली, जो तो आत डोकावू लागला. घरातल्या आजी केरसुणी घेऊन निघाल्या, कारण अन्न पायदळी येऊ नये. त्या घरची कॉलेजात जाणारी मुलगी आमच्याकडे डिस्क बघायला यायची. तिने आजीच्या हातची केरसुणी काढून घेतली, पिठातल्या पावलावर पितळी परात उपडी घातली, डब्याला हात लावू दिला नाही आणि दारात आडवी उभी राहिली. एक-दोन काकांनी तिला "शहाणी झालीस फार" असं ऐकवलंसुद्धा.

पथक आलं. श्वानाने नेहमीप्रमाणे हमरस्त्यापर्यंत माग दाखवला आणि तिथेच घुटमळलं. (हे वाक्य आपल्या पेपरात मी इतक्यांदा वाचलंय की त्या कुत्र्यांना हमरस्ताच आवडतो असं वाटायला लागलंय.) पण ठसेतज्ज्ञाने स्टीलच्या डब्यावर पावडर फिरवली आणि चांगला स्वच्छ ठसा मिळाला. परातीखालच्या पावलाचा मोजपट्टी ठेवून फोटो घेतला. "परात कोणी ठेवली?" असं विचारून त्याने त्या पोरीकडे पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा काका मंडळी पांगली. चोर पुढे दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला आणि डब्यावरचा ठसा त्याच्या बोटाशी जुळला. सोनं तोवर वितळून गेलं होतं, ते नाही मिळालं.

ठशांवरून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मालिकेत संगणकावर ठसे भराभर धावतात आणि एक हिरवा होऊन थांबतो. पण जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं. ती पद्धत हेन्री या इंग्रज साहेबाच्या नावाने चालते. तिचं गणित मात्र अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या बंगालच्या दोन फौजदारांनी बसवलं. दहा बोटांच्या रेषांवरून १०२४ खण पाडले, म्हणजे हजारो कागदांतून हवा तो कागद सरळ त्याच्या खणातून काढता यावा. संगणक नव्हता तेव्हाची गोष्ट. मुद्देमाल खोलीत नोंदवहीवरून एक जुनी विळी शोधताना ज्याची दुपार गेली आहे, त्याला त्या खणांची किंमत कळेल.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये म्हटलंय, की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिक, तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. सगळीकडे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे ग्रिसम आता कायद्यानेच येणार. तो येईपर्यंत घटनास्थळ कोण सांभाळणार? ठाण्यातल्या अनुभवावरून सांगतो, पहिला पोलीस पोचतो तोवर तिथे सरपंच, शेजारी, पाहुणे, फोटो काढणारी पोरं, सगळे येऊन गेलेले असतात. त्यात एकीने जरी परात उपडी घातली तरी तज्ज्ञाचं निम्मं काम होतं. आणि ही अक्कल तिला शाळेने दिली नव्हती, आमच्या खात्याने तर नाहीच.

तेव्हा लेखकमहाशयांनी बोलावं, पण आधी पाचव्या सीझनचा शेवट पाहून बोलावं. क्वेंटिन टॅरंटिनो या सिनेमावाल्याने तो दिग्दर्शित केला होता, २००५ च्या मे महिन्यात अमेरिकेत दाखवला. पथकातल्या निक नावाच्या पोराला काचेसारख्या पारदर्शक पेटीत जिवंत गाडतात. पेटीतल्या कॅमेऱ्यातून तो सहकाऱ्यांना दिसतो, पण पेटी कुठे पुरली आहे ते कळत नाही. मग त्याच्या अंगावर मुंग्या चढतात. सगळे हबकतात, ग्रिसम मुंग्यांची जात ओळखतो आणि त्यावरून पेटी पुरलेली रोपवाटिका शोधतो. त्या रात्री आमच्याकडे शेवभाजी तशीच गार झाली. सौ.ने मधेच थांबवूही दिलं नाही, आणि कुणी अहिराणी करून सांगितलं नाही तरी तिला सगळं कळलं.

सातव्या सीझनमध्ये एक खुनी येतो, तो खुनाच्या जागेची छोटी प्रतिकृती करून तिथे ठेवतो. अगदी भातुकलीसारखी, इवलीशी खुर्ची, इवलासा कप, रक्ताचा इवला डाग. मला वाटलं हे फारच झालं. भाचीने फोनवर सांगितलं की अशी घरं खरोखर आहेत. फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या एका श्रीमंत बाईने १९४० च्या दशकात पोलिसांना घटनास्थळ वाचायला शिकवण्यासाठी ती केली. बाल्टिमोरला ती अजून जपून ठेवली आहेत आणि त्यांवर शिकवलंही जातं. बाहुलीच्या खोलीतला दरवाजा, कडी, कॅलेंडर, सगळं मापात. असं एक जरी घर आपल्या प्रशिक्षण केंद्रात असतं, आणि त्यात चुलीऐवजी गॅसची शेगडी, कोपऱ्यात धान्याची कोठी आणि दारात चपलांचा ढीग असता, तर माझ्यासारख्याने फुकट येऊन शिकवलं असतं.

नवव्या सीझनमध्ये ग्रिसम जातो. पुढे दुसरे मोठे नट आले, लॉरेन्स फिशबर्न, मग टेड डॅन्सन. वाईट नाहीत, पण त्यांच्यात किडे बघायला खाली वाकणारा कुणी नाही. ते डबे मी एकदा पाहिले आणि ठेवून दिले.

आता एक काम. सहाव्या सीझनची एक डिस्क आमच्याकडे मधेच अडकते. मऊ फडक्याने आतून बाहेर पुसून झाली, अडकते ती त्याच जागी, नेमका संशयित बोलायला तोंड उघडतो तिथे. दुसऱ्या डिस्क नीट चालतात, म्हणजे प्लेअरचा दोष नाही, एवढा तपास मी पूर्ण केला आहे. खानदेशात कुणाकडे हा डबा धूळ खात पडला असेल, तर आपल्या कार्यालयात आणून द्यावा, मी येऊन घेईन आणि पाहून परत करीन. पावती देईन. हवं तर सील करून देईन.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
अमळनेर, जि. जळगाव